जतन करा

साखर पेठेत, नऊ मागांच्या खडखडाटामागं,
काचेच्या केबिनमध्ये नरसय्या कुरापाटींचा कॉम्प्युटर.
सकाळी पडद्यावर लाल पट्टी आली :
तुमची प्रत अस्सल नाही.
"माणूस अस्सल आहे की बे," काका म्हणाले,
"सांग त्याला."

दोनशे रुपयांत कुणीतरी टाकून दिलेलं.
चोरीचं म्हणावं तर सगळी गल्लीच चोर.
मी म्हटलं, एक मोकळं असतं.
ठिकठिकाणची माणसं मिळून विणतात
आणि आतला धागान् धागा उघडा ठेवतात.
"म्हणजे फुकट."
फुकट नाही काका, मोकळं.
"टॉवेलावर टॉवेल फुकट देतात आमच्यात.
दुसरा एका धुण्यात विरतो."

तरी टाकलं.
तिसऱ्या दिवशी फोन.
बिलातला डझनाचा रकाना
सरकून पुढच्या पानावर गेलेला.
ऑडिटर चिटमिलांची फाइल उघडली
तर बेरजेच्या जागी नुसती चौकट.
"तुझं ते चांगलं असेल,
पण नुसतं चांगलं घेऊन काय करू?
समोरच्याकडं जे आहे तेच मला पाहिजे.
आणि बिघडलं तर शिव्या कुणाला घालू?
विकतवाल्याचा निदान नंबर तरी असतो."
तो नंबर कधी लागला नाही
हे दोघांनाही माहीत होतं.
उत्तर होतं माझ्याकडं,
पण ते माझ्यासारख्यांच्याच कामाचं होतं.

डबा सुटला. कडक भाकरी, शेंगाचटणी.
तेल लागू नये म्हणून त्यांनी कीबोर्ड उचलून
एका लाकडी पेटीवर ठेवला.
पेटीत काय?
जकार्डचे पत्ते, दोऱ्यात ओवलेले.
भोकाभोकांचा एक मोर, वडिलांनी पाडलेला.
"पाच कारखान्यांत नाचला हा.
कुणी मागितला की वडील पेटी उचलून देत.
बोल्लींनी तुरा वाढवला, आडमांनी पिसारा आवरला,
परत आला तेव्हा ओळखू येईना."
आणि पैसे?
"पैसे चादरीचे. मोराचे कसले?"

मी काही बोललो नाही. त्यांनीही नाही.
बाहेर एक माग थांबला,
ताणा तुटला असावा.

मग चष्मा लावून त्यांनी पडद्यावरचं वाचलं :
जतन करा.
"हे कुणी लिहिलं? आधीच्यात इंग्रजी होतं."
कुणीतरी. नाव माहीत नाही. बिनपगारी, रात्री जागून.
"आमच्या घरात तेलुगू.
पण शाळेतल्या बाई असं म्हणायच्या,
पुस्तकं वाटताना."
आणि त्यांनी मागाची नोंद टंकायला घेतली,
एका बोटानं.

धोटा. खाली लाल रेघ.
कांडी. लाल रेघ.
वहिफणी. नागमोडी, लांब, लाल.
"कांडी चूक?
साठ वर्षं आम्ही चूक भरतोय?"
त्याच्याकडं हे शब्द नाहीत काका. देता येतात.
"कुणाला?"
सगळ्यांना.

त्या दुपारी एकोणचाळीस शब्द दिले.
बीम लिहायचं की भीम, यावर दहा मिनिटं भांडण.
शेवटी जॉबर आला, हात पुसत म्हणाला,
भीमच म्हणतो की आपण.
भीम लिहिलं.

मार्चमध्ये काकांनी ऑडिटरसाठी विकतचंही घेतलं.
पावतीसकट. ती पावती भिंतीवर आहे,
मार्कंडेय महामुनींच्या तसबिरीखाली.
मागाची वही मात्र मोकळ्यात.
जिंकलं कोण, विचारलंत तर सांगता येणार नाही.

परवा नव्या आवृत्तीत मी कांडी लिहिलं.
आली नाही.
लगेच फोन लावला. नऊच्या नऊ माग चालू होते.
"काय बे? काय आली नाही?"
रेघ, काका.
"काय?"
रेघ.